परुळेकरांची लाल रेघ

गाडीला हात लावण्याआधी परुळेकर मालकाला एकच प्रश्न विचारायचे, "कुठे निघालात?" गाडीला काय होतंय, कधीपासून होतंय, हे सगळं नंतर. लोक गोंधळायचे. गॅरेजमध्ये आलेल्या माणसाला वाटत असतं की आपण गॅरेजमध्ये आलोय, बस्स. परुळेकर उत्तराची वाट बघत उभे राहायचे. मग कुणी म्हणायचं ऑफिसला, कुणी म्हणायचं पोरांना शाळेतून आणायला, आणि एखादा म्हणायचा, "वीकेंडला फॅमिलीला घेऊन डोंगरात." तेव्हा परुळेकर चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाला सावकाश पुसायचे. तो चष्मा निघाला की मी गिऱ्हाइकाकडे बघायचं टाळायचे, कारण त्यानंतर ते जे बोलत ते ऐकून कुणी हसत बाहेर पडल्याचं मला आठवत नाही.

आमचं गॅरेज दुबईत, रास अल खोरला, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणारं. मी पुढच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचे, फोन घ्यायचे, गाड्यांच्या चाव्या सांभाळायचे. परुळेकर वर्कशॉपचे मुख्य. वेंगुर्ल्याचे, उंच, काटकुळे, आणि अंगात कायम पांढरा शर्ट. सगळं वर्कशॉप कोपरापर्यंत काळं आणि मध्ये हा माणूस लग्नाला आल्यासारखा. शर्टाला कधी डाग नसायचा आणि त्याचा त्यांना गर्व होता. गर्व त्यांना बऱ्याच गोष्टींचा होता. मालकसुद्धा त्यांच्याशी बोलताना आवाज खाली ठेवायचे.

गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याची त्यांची एक पद्धत होती. "ऑटोमॅटिक गाडीत पायाखालचा क्लच नसतो. ते काम आतलं ऑइल करतं. पंप त्या ऑइलला प्रेशर देतो आणि ते प्रेशर आतले क्लच घट्ट धरून ठेवतं. प्रेशर गेलं की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही." एवढं बोलून ते थांबायचे आणि विचारायचे, "गाडी थांबेल ती जागा कुठली असेल, ते तुम्ही ठरवलंय का?"

आजकाल सगळे आधी कॉम्प्युटर लावतात. आमच्याकडेही होता, परुळेकर तो बघायचेही, पण निकाल द्यायचे ते गेजवरच. गिअरबॉक्सचा एक छोटा बोल्ट काढून तिथे नळी लावायची, नळीच्या टोकाला सुईचं गेज, आणि मग गाडी उन्हात भरपूर फिरवून आणायची. ऑइल चांगलं तापल्याशिवाय ते सुईकडे ढुंकूनही बघत नसत. "थंड गाडी सगळ्यांशी गोड बोलते," म्हणायचे. तापलं की ऑइल पातळ होतं, पंप झिजलेला असेल तर त्याला ते पेलत नाही, आणि सुई हळूहळू खाली यायला लागते.  त्या गेजच्या काचेवर त्यांनी एक रेघ ओढली होती, माझ्याकडून नेलपॉलिश मागून. आमच्याकडे बहुतेक मोठ्या जपानी गाड्याच यायच्या, त्यांच्यासाठी ती लाल रेघ. गरम गाडीची सुई रेघेखाली गेली की तिची चावी परुळेकरांच्या खिशात जायची आणि मी मागितली तरी मिळायची नाही.

यावरून भांडणं किती झाली म्हणून सांगू. सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणारे एक बँकेतले गृहस्थ होते, पुण्याचे, आवाज चढवून बोलण्याची सवय असलेले. त्यांची गाडी परुळेकरांनी अडवली. "मिस्टर, मला फक्त अबूधाबीला जायचंय. तुम्ही माझी गाडी होल्ड कशी करू शकता? पोलिसांना बोलावू?" परुळेकरांनी चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "न्या. मध्ये उभी राहिली तर मागून ट्रक येतात, एवढं लक्षात ठेवा." ते गृहस्थ चावी घेऊन तडक गेले. दोनेक महिन्यांनी मुद्दाम आले, गाडी दारात लावली, काच खाली केली. "परुळेकर साहेब, अबूधाबी झालं, अल ऐन झालं, फुजैरा झालं. काय झालं? काही नाही."

"अजून," परुळेकर म्हणाले आणि आत निघून गेले.

त्यांचं म्हणणं नेहमी खरं व्हायचं असं मुळीच नाही. पुष्कळदा काहीच व्हायचं नाही. गाड्या वर्षानुवर्षं चालायच्या. आमच्या मराठी मंडळींत त्यांना यमाचा कारकून म्हणायचे. कुणाच्या घरी जेवायला गेले आणि कुणी सुट्टीचा बेत काढला की लगेच कुणीतरी ओरडायचं, "अरे, कारकुनासमोर नको." तेही हसायचे. मला मात्र त्या हसण्यात त्यांचं लक्ष आहे असं कधी वाटलं नाही.

एकदा एका गाडीची चाचणी चालली होती. ब्रेक पूर्ण दाबून, गिअर टाकून, ॲक्सिलरेटर द्यायचा आणि प्रेशर कुठवर चढतं ते बघायचं, अशी ती चाचणी. त्या वेळी गाडीच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही हा त्यांचा कायदा. गुल खान आमचा जुना मेकॅनिक, पेशावरकडचा. तो समोरच्या बाकावरचा फडका उचलून सहज पुढून गेला, आणि तो पलीकडे पोहोचतो न पोहोचतो तोच ब्रेकने दगा दिला. गाडी सुटली आणि बाकावर जाऊन आदळली. बाकाचे तुकडे झाले. गुल खान पांढराफटक. मला वाटलं, आता परुळेकर त्याला फाडून खाणार. त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले, हात धुतले आणि खुर्चीत बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "साब, अल्लाह ने बचाया," गुल खान म्हणाला. "आज," परुळेकर म्हणाले. तो शब्द मला नंतर कितीतरी दिवस आठवत होता आणि तो आठवला की गॅरेजमधलं ऊनही नकोसं वाटायचं.

पण ते खरे भडकले ते वॉशरवरून. प्रेशर कमी असलं की एक सोपी लबाडी करता येते. आत प्रेशर सांभाळणारी एक स्प्रिंग असते, तिच्यामागे एक वॉशर सरकवायचा. स्प्रिंग ताठ होते, सुई वर चढते, गिअर खणखणीत पडतात, गिऱ्हाईक खूश. झिजलेला पंप आत तसाच असतो, वर त्याच्यावर आणखी ताण. आमच्याकडच्या एका मेकॅनिकने हे केलं. परुळेकरांनी गिऱ्हाइकासमोर ती गाडी पुन्हा उघडायला लावली, वॉशर काढून त्या मेकॅनिकच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "बच्चे थे उसकी गाडी में. देखा था?"  दुसऱ्या दिवशी तो कामावर नव्हता.

परुळेकरांचा मुलगा अमेय. सॉफ्टवेअरमध्ये, तोही सिलिकॉन ओएसिसलाच. त्याची बायको ऋचा आणि पाच वर्षांची इरा. परुळेकरांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून ते करामातल्या फ्लॅटमध्ये एकटे राहत आणि इराचा व्हिडिओ कॉल आला की काम सोडून माझ्या केबिनमध्ये येत, कारण तिथे आवाज कमी असतो. ते मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांचं व्यवस्थित चाले.

त्या ऑगस्टमध्ये अमेयने सलालाचा बेत केला. इथले लोक उन्हाळ्यात ओमानमधल्या त्या हिरव्या डोंगरांकडे गाडीने जातात. मध्ये शेकडो किलोमीटर नुसतं वाळवंट, पेट्रोल पंप लांब लांब, फोनला रेंज कधी आहे कधी नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तो ऋचाबरोबर आपली जुनी मोठी गाडी घेऊन आला. परुळेकरांनी ती तापवून आणली, गेज लावलं. सुई रेघेच्या वर होती. मग उतरायला लागली, रेघेवर आली आणि खाली गेली. परुळेकरांनी चष्मा काढला.

"पंप गेलाय. नवीन यायला दोन आठवडे लागतील. नाही जायचं."

"बाबा, प्लीज. स्कॅनमध्ये एकही फॉल्ट नाहीये. मी स्वतः बघितलं."

"भाड्याची घे."

"ओमान परमिटवाली एकही अव्हेलेबल नाही. सगळी दुबई चाललीय."

"मग पुढच्या वर्षी जा."

 अमेयचा स्वभाव मऊ आहे, बापासमोर मी त्याला कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही तो हळूच बोलला, म्हणूनच ते सगळ्यांना ऐकू गेलं. "पुढच्या वर्षी. आईला पण हेच म्हणायचात. दरवर्षी तिला सलालाला जायचं होतं आणि दरवर्षी तुम्हाला गाडीत काहीतरी सापडायचं. ती गेली बाबा, कुठेच न जाता. मी इराला तसं वाढवणार नाही. दुरुस्त होणार असेल तर करा, नाहीतर मी अशीच घेऊन जातो."

ऋचा म्हणाली, "अमेय, पुरे." परुळेकर गेजकडे बघत होते. इंजिन बंद केल्यावर सुई अगदी खाली जाऊन टेकली होती. "ठेव गाडी," ते म्हणाले. "करतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुल खानला चहाला पाठवलं आणि मला धक्काच बसला, स्वतः गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून पोटापर्यंत लालसर ऑइलचा ओघळ होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गुल खान चहा घेऊन आला, त्याने शर्ट बघितला, खाली सोडलेल्या ऑइलची परात बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मला काहीच कळलं नाही. अमेय संध्याकाळी ऋचा आणि इराला घेऊन आला तेव्हा सुई रेघेच्या चांगली वर होती. त्याने तिचा फोटो काढला. "बघा बाबा, फर्स्ट क्लास. उगाच घाबरवता."

"रात्रीच चालव," परुळेकर म्हणाले. "ऊन चढायच्या आत थांब, रूम घे, संध्याकाळी निघ. दुपारी चालवायची नाही. समजलं?"

"इन्शाल्ला," अमेय हसत म्हणाला. तो देवावर सोपवायचा शब्द परुळेकरांना चालत नसे. पार्ट पाठवणारे दुकानदार इन्शाल्ला म्हणाले की ते फोनवर खेकसायचे, "येणार की नाही ते सांग." त्या संध्याकाळी त्यांनी इराच्या सीटचा पट्टा ओढून बघितला, दार लावलं आणि स्वतःच पुटपुटले, "इन्शाल्ला." गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते. त्या शब्दानेच मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाही गाडीला हात लावला नाही. फोन घेऊन माझ्या केबिनमध्ये बसून राहिले. बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते. जेवणाच्या सुमाराला अमेयचा आवाजी मेसेज आला. त्यांनी तो मोठ्याने लावला. "बाबा, इराला उलट्या झाल्या म्हणून रात्री निझवाला हॉटेल घेतलं. उठायला लेट झालं, आत्ता निघालोय. डोन्ट वरी, गाडी मस्त आहे. गिअर जरा कडक पडतायत, झटका बसतो, पण पॉवर काय सांगू."

मला वाटलं, चांगलीच बातमी आहे. परुळेकरांनी मेसेज पुन्हा लावला. 'कडक पडतायत' एवढंच ते पुन्हा पुन्हा ऐकत होते. गुल खान दारात येऊन उभा राहिला होता, त्याचाही चेहरा उतरला.

"सुनीता, मी वॉशर घातलाय," परुळेकर म्हणाले.

"अमेयला माहीत आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "त्याला वाटतंय दुरुस्त झाली. मी म्हटलं, रात्रीच्या गारव्यात निभावेल. जाऊन येतील, मग पंप बदलू. एकदा जाऊन येऊ दे त्यांना, असं वाटलं."

 त्या माणसाच्या जागी दुसरा कुणी असता तर मी चार शब्द सुनावले असते. आम्ही फोन लावत राहिलो. अमेयचा बंद, ऋचाचा बंद. वाळवंटातल्या त्या पट्ट्यात ते शिरले होते. परुळेकर उठले आणि आपल्या छोट्या गाडीची चावी घेतली. "साब, मैं भी चलता हूँ," गुल खान म्हणाला. "तेरे पास व्हिसा कहाँ है," ते म्हणाले आणि चालू पडले. त्यांना पाण्याचंही भान नव्हतं. गुल खान धावत जाऊन पाण्याचा खोका त्यांच्या मागच्या सीटवर टाकून आला. मी देवाचं नाव घेत बसले. तशी दुपार कुणाच्याही वाट्याला येऊ नये, असं मी म्हणते.

संध्याकाळी एका ओमानी नंबरवरून ऋचाचा फोन आला. पंपाचं सील फुटलं होतं, गरम ऑइल सायलेन्सरवर पडलं आणि गाडीखालून धूर निघाला. अमेयने इराला सीटसकट ओढून बाहेर काढलं. पाणी गाडीत राहिलं आणि गाडी त्यांच्यासमोर जळाली. सावली नाही, रेंज नाही. पाण्याचा टँकर घेऊन जाणारा एक ओमानी माणूस आला तेव्हा इरा हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. त्याने तिला टँकरमधल्या गार पाण्यात भिजवलं आणि दवाखान्यात पोचवलं. सलाईन चालू होतं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. "आता बरी आहे," ऋचा म्हणाली आणि रडायला लागली. मी आणि गुल खानही रडलो.

परुळेकर तिथे पोहोचले तेव्हा अमेय त्यांच्या गळ्यात पडला. हे मला ऋचानेच सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही सांगत होतात बाबा. मी ऐकलं नाही. तुम्ही दुपारी चालवू नको म्हणालात तेही ऐकलं नाही. यापुढे तुम्ही म्हणाल तसंच." आणि परुळेकरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

परत आल्यावर ही गोष्ट सगळीकडे झाली. अमेय स्वतःच सांगायचा, की सुई खाली होती, बाबा नको म्हणत होते, मी हट्ट केला. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला कुणी कारकून म्हटलं नाही. बायका त्यांच्या पाया पडल्या. ते बँकेतले गृहस्थसुद्धा गाडी घेऊन आले, नम्रपणे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगाल ते." परुळेकरांचा चेहरा तेव्हा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

मी एकदा विचारलं, "अमेयला सांगणार आहात का?"

"सांगितलं तर तो पुन्हा माझं कधीच ऐकणार नाही," ते म्हणाले. "आणि नाही ऐकलं तर इराला घेऊन कुठल्याही गाडीतून कुठेही जाईल." हे त्यांनी इतकं शांतपणे सांगितलं की मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी कणवही आली. ते सांगणं माझं काम नव्हतं. गुल खानही गप्प राहिला.

मग त्यांचं काम बिघडत गेलं. सुई रेघेच्या वर असली तरी चावी द्यायला तयार होईनात. "पुन्हा तापवून आणा," म्हणायचे. पुन्हा तापवली तरी "उद्या बघू." चांगले गिअरबॉक्स उघडायला लावू लागले. दर गाडीत त्यांना कुणीतरी लपवलेला वॉशर दिसत असावा. मालकांनी एकदा त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून बराच वेळ बोलले. नवीन वर्ष लागल्यावर परुळेकर वेंगुर्ल्याला कायमचे गेले, ते मला न भेटताच. त्यामुळे मी त्यांना नीट बघितलं ते त्याआधीच्या एका सकाळी, तेच शेवटचं.

हवा गार होती. अमेयने नवी कोरी गाडी घेतली होती आणि ते तिघं हत्ताला पिकनिकला निघाले होते. हत्ता म्हणजे इथून तासाभराची वाट. तरी अमेय आधी गॅरेजला आला. "बाबा, बघता का एकदा? तुम्ही हो म्हणालात की निघतो." परुळेकरांनी गाडीभोवती एक फेरी मारली, ऑइलचा थेंब आहे का बघितलं, मग पांढऱ्या शर्टानिशी जमिनीवर आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. त्यांचे फक्त बूट बाहेर दिसत होते. अमेय, ऋचा, गुल खान आणि मी उभे होतो. आतून कसलाच आवाज येत नव्हता. पाना नाही, ठोकणं नाही. बराच वेळ गेला. ऋचाने आणलेल्या डब्याचा वास सुटला होता.

इरा गुडघ्यांवर बसली आणि गाल जमिनीला टेकवून खाली डोकावली.

"बाबा," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "ही इज नॉट फिक्सिंग एनीथिंग. ही इज जस्ट होल्डिंग इट. विथ बोथ हँड्स."

गुल खानने तोंड फिरवलं. अमेयने इराला उचलून कडेवर घेतलं आणि तिच्या गुडघ्यांची धूळ झटकली.

"थांब बेटा," तो म्हणाला. "आजोबा म्हणतील तेव्हाच निघायचं."